व्हायोलिनचा पहिला तास आणि हातात पेन्सिल

पार्ल्याचा_बाबा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, हा पहिलाच धागा. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

लेक चौथीत आहे, ९ वर्षांची. शाळेच्या गॅदरिंगला एका मोठ्या मुलीने व्हायोलिन वाजवलं आणि तेव्हापासून आमच्या घरातली लाकडी फूटपट्टी जागेवर सापडत नाही. ती कायम हिच्या हनुवटीखाली. सहा महिने झाले तरी खूळ उतरेना, म्हणून या महिन्यात एका म्युझिक स्कूलमध्ये नाव घातलं. वैयक्तिक तास, आठवड्यातून एकदा, अर्ध्या तासाचा. चार तासांचे साडेतीन हजार. तिथेच ग्रुपचाही तास आहे, पाच मुलं, शनिवारी सकाळी एक तास, आणि पैसे निम्म्याहून कमी. बायको म्हणाली, शिकवायचंच तर नीट शिकवू. घेतला वैयक्तिक.

काल पहिला तास झाला. दार काचेचं होतं, मी बाहेर बाकावर बसून सगळं बघत होतो. सरांनी तीस मिनिटांतली पंचवीस मिनिटं लेकीच्या हातात पेन्सिल दिली. करंगळी अशी टेकव, अंगठा आत वाकव, मनगट सोड, पेन्सिल खाली ठेव, परत उचल. उरलेल्या पाच मिनिटांत वहीत काहीतरी लिहून दिलं. व्हायोलिन पेटीतून बाहेर आलंच नाही. येताना रिक्षात पोरगी खूश, आणि मी मनात भागाकार करतोय : ८७५ रुपयांत आम्ही पेन्सिल धरायला शिकलो. ती तर बालवाडीतच शिकवली होती की हो!

तर प्रश्न असा, की हे असंच असतं का? की आम्ही बकरा झालोय? ग्रुपमध्ये घालावं का? शिवाय सासरे म्हणतात, वेस्टर्न कशाला, आपलं शास्त्रीय शिकवा. मला सा कुठला आणि प कुठला तेही कळत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबाज

प्रकाश माहीत नाही, पण पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

राळ

पार्ल्याचा_बाबा, सर चांगले मिळालेत. सोडू नका.

मी गेली १४ वर्षं व्हायोलिन शिकवते (पाश्चात्त्य पद्धतीचं, आयडीवरून कळलं असेलच). पहिल्या तासाला मीही पेन्सिलच देते. कारण सांगते. व्हायोलिनमध्ये लोकांचं लक्ष डाव्या हाताकडे जातं, तिथे बोटं नाचतात ना. पण आवाज निघतो तो उजव्या हातातून. बो म्हणजे घोड्याच्या शेपटीचे केस ताणलेली लांब काठी, तिचं वजन नऊ वर्षांच्या मुलीला हातात बरंच जाणवतं. पहिल्याच दिवशी हातात दिलीत तर ती पडू नये म्हणून मूल अंगठा सरळ ताठ करून मूठ आवळतं. मूठ आवळली की मनगट अडकतं, मनगट अडकलं की कोपर, आणि मग खांदा वर. असा हात तीन आठवडे राहिला की तोच मुलाला ‘बरोबर’ वाटायला लागतो. तो मोडायला मला नंतर सहा-सहा महिने लागलेत. पेन्सिलला वजन नाही, पडली तरी नुकसान नाही, म्हणून बोटांना जागा आधी तिच्यावर दाखवायच्या. जपानच्या सुझुकींच्या पद्धतीत तर लहान मुलांना सुरुवातीला खोक्याचं खोटं व्हायोलिन देतात, आणि आईबाबांपैकी एकाने मुलाच्या आधी थोडं वाजवायला शिकायचं असतं.

आता ग्रुपचा हिशोब. पाच मुलं, साठ मिनिटं. लहान मुलांना तारा लावता येत नाहीत, त्या सरच लावतात. दर व्हायोलिनला दोन मिनिटं धरा, दहा गेली. एक मुलगा बो ला चोळायची राळ विसरलेला असतो, एकीला पाणी प्यायचं असतं. उरलेल्यात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम आठ-नऊ मिनिटं. तेवढ्यात मी चाल शिकवू शकते. अंगठा बघू शकत नाही. तुम्ही पैसे देताय ते अंगठा बघायला.

एकच विचारते. तुम्ही काचेबाहेर का बसलात? आत बसा.

पार्ल्याचा_बाबा

बाप रे. धन्यवाद, राळताई. आत बसायचं सुचलंच नाही. तिथे फळा आहे, ‘पालकांनी बाहेर थांबावे’.

तिसरा_मजला

फळा वाचून माझी जुनी जखम उघडी झाली, म्हणून लॉगिन केलं.

‘व्यावसायिक शिक्षक, वैयक्तिक लक्ष’ असं लिहिलेल्या एका ठिकाणी आमचा चिरंजीव दोन वर्षं जात होता. नाव घेत नाही, उपनगरातलं, एसी वगैरे. पहिल्या वर्षात तीन शिक्षक बदलले. पहिल्यांनी करंगळी गोल ठेवायला सांगितली, दुसऱ्या मॅडम म्हणाल्या ही जुनी पद्धत, तिसरे सर स्वतः गिटारवाले होते आणि ‘तात्पुरते’ आले ते चार महिने राहिले. मी विचारायला गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणते, सर, लेसन तर झालाय ना? झालाय हो. पण कुणाचा?

वर आणखी, मुलगा तापाने आजारी पडला तर तो तास बुडाला. सर आजारी पडले तर मात्र ‘ॲडजस्ट’.

त्यामुळे राळताईंशी सहमत, पण अर्धवट. वैयक्तिक तासाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा समोरची व्यक्ती तीच राहते. बाबा, पैसे भरायच्या आधी विचारा की हेच सर वर्षभर असतील का, चुकलेला तास भरून मिळतो का आणि पालकाला आत बसू देतात का. हो-नाही तोंडावर सांगितलं तर ठीक. ‘बघू या’ म्हणाले तर पाय काढा.

राळ

@तिसरा_मजला, ‘पण कुणाचा’ हे अगदी पटलं. आमच्यातही वाईट सवयी आहेत. बऱ्याच ठिकाणी शिक्षकाला तासावर पैसे मिळतात, पगार नसतो. चार पैसे जास्त मिळाले की तो दुसरीकडे जातो. त्याचाही नाइलाज असतो, पण भोगतं मूल.

माटुंगेकर

इथे सगळे ग्रुपला झोडपताहेत, म्हणून दुसरी बाजू.

मी मराठी, पण वाढलो माटुंग्यात, शेजारपाजार सगळा तमिळ. शेजारच्या मामींनी मला सात वर्षांचा असताना त्यांच्या मुलाबरोबर कर्नाटकी व्हायोलिनच्या क्लासला पाठवलं. जमिनीवर चटई, आम्ही आठ पोरं मांडी घालून. सर एकच. सरळी वरिसै, म्हणजे आपले अलंकार म्हणा, सगळ्यांनी एकत्र, आधी संथ, मग दुप्पट, मग चौपट, आणि हाताने ताल. चौपटीत कोणीतरी घसरायचंच. आपण घसरलो तर बाकीचे सात जण थांबत नसत, उडी मारून परत गाडी पकडायची! ते जे ‘परत पकडणं’ आहे, ते एकट्याच्या तासात कोणी शिकवत नाही. तिथे तुम्ही चुकलात की सर थांबतात.

आणि एकट्या मुलाला व्हायोलिन फार एकटं पाडतं. पहिली दोन वर्षं तुम्ही बेसूर असता. दुसरी सात मुलंही तितकीच बेसूर आहेत हे ऐकून जीवाला बरं वाटतं.

अंगठ्याचं म्हणाल तर आमच्या सरांकडे एक पातळ पट्टी होती. (आजच्या काळात चालणार नाही, माहीत आहे.)

राळ

@माटुंगेकर, मान्य, हे मी विसरले होते. माझ्याकडच्या मुलांना महिन्यातून एक रविवार मी एकत्र बसवते, त्या दिवशी ती सगळ्यात जास्त शिकून जातात. आणि तुमची बैठक जमिनीवर, त्यामुळे अर्धे प्रश्न मुळातच वेगळे.

पार्ल्याचा_बाबा

थांबा थांबा. जमिनीवर? म्हणजे व्हायोलिन बसूनही वाजवतात? सासऱ्यांना हेच म्हणायचं होतं का?

कोमल_निषाद

बाबा, आता मूळ मुद्द्यावर येऊ.

वाद्य तेच, पण उभं राहून धरणं आणि बसून धरणं ही दोन वेगळी दुनिया आहेत. पाश्चात्त्य पद्धतीत व्हायोलिन हनुवटी आणि खांद्याच्या मध्ये, आणि चार तारा जी, डी, ए, ई अशा लावलेल्या. आपल्याकडे मांडी घालून बसायचं, उजवा पाय थोडा पुढे, आणि व्हायोलिनचं गुंडाळलेलं डोकं, ते शंखासारखं असतं ना, ते पायाच्या घोट्याजवळ टेकवायचं. दुसरं टोक छाती-खांद्याला. झालं काय, की डाव्या हाताला वाद्य पेलायचं कामच उरलं नाही. हात मोकळा, तारेवर वरपासून खालपर्यंत सरकू शकतो. मग मींड निघते, म्हणजे एका सुरातून दुसऱ्या सुरात न तुटता सरकत जाणं. तारा सा आणि प मध्ये लावायच्या. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नाहीत, गळ्यासारखं कुठूनही कुठे जाता येतं, म्हणून तर ते आपल्याकडे इतकं रुळलं. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांनी ते आणलं, थोर कर्नाटकी रचनाकार मुत्तुस्वामींचे धाकटे भाऊ. उत्तरेत बरंच नंतर आलं.

मी हिंदुस्थानी शिकले, दादरला, गुरुजींच्या घरी. वैयक्तिक वगैरे शब्दच नव्हते. चार वाजता जायचं, आधीच्याचं चाललं असेल तर ऐकत बसायचं, आपलं झालं की पुढच्याचं ऐकायचं. दोन-दोन तास. आज ज्याला तुम्ही ग्रुप की वैयक्तिक म्हणताय ते तेव्हा एकाच खोलीत होतं.

ऐकायला सांगते : डी. के. दातार ऐका, पलुस्करांची गायकी तारेवर. एन. राजम ऐका. गजाननबुवा जोशी तर गायचेही आणि व्हायोलिनही. आणि जोग.

चहाबाज

जोग! ‘गाणारं व्हायोलिन’! बाबूजींच्या गीतरामायणाला साथ करायचे तेच ना? आमच्या घरी कॅसेट होती.

कोमल_निषाद

नाही हो चहाबाज, ते प्रभाकर जोग, पुण्याचे. मी म्हणत होते व्ही. जी. जोग, ते कलकत्त्याला स्थायिक झाले होते. दोघेही जोग, दोघांच्याही हातात व्हायोलिन, दोघेही थोर. हा घोटाळा माझ्या लग्नात माझ्या सासूबाईंनीही केला होता.

चहाबाज

सासूबाई आणि मी, दोघांनाही माफी असावी.

जोगांवरून आठवलं. (अवांतर आहे, कंटाळा आला तर पुढे जा.) मुंबईत व्हायोलिन शिकायचं म्हटलं की पूर्वी एक नाव यायचं, गोवेकर सर. कुठले तरी डिसोझा किंवा फर्नांडिस, माहीम नाहीतर धोबीतलाव. सिनेमाच्या गाण्यांमागे जी तीस-चाळीस व्हायोलिनं ऐकू येतात ना, त्यात कितीतरी गोव्याची मंडळी होती, कारण त्यांना चर्चमुळे लहानपणापासून स्वरलिपी वाचता यायची. कागद समोर ठेवला की वाजव. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ साली बच्चनच्या तोंडी जे नाव आलं ते गुरूचं. आपण ते गाणं हसत हसत ऐकतो, पण ती गुरुदक्षिणा आहे.

आणि त्याच्याही आधी, मेहली मेहतांनी १९३५ साली मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता. झुबिन मेहतांचे वडील. झुबिन जन्मले पुढच्या वर्षी, इथेच. तेव्हा पार्ल्याच्या बाबांनी मनाला लावून घेऊ नये, वेस्टर्नही तितकंच ‘आपलं’ आहे. निदान मुंबईचं तरी.

सदाशिवपेठी

पुण्यात पहिल्या तासाला पेन्सिलही देत नाहीत. ‘घरून आणा’ म्हणतात.

चहाबाज

आणि एक ते चार क्लास बंद.

लोकलवासी

गोरेगाव ते चर्चगेट व्हायोलिनची पेटी घेऊन चार वर्षं प्रवास केलाय. व्यावहारिक सल्ला.

पेटी पाठीवर लावू नका, चढताना मागचा माणूस ती हँडल समजून धरतो. पोटाशी धरा, बाळासारखी. गर्दीच्या वेळी लगेजच्या डब्यात. तिथे टोपल्यांच्या बायका जागा करून देतात पण प्रश्न विचारतात. ‘काय हाय यात?’ व्हायोलिन म्हटलं की ‘वाजव.’ एकदा मरीन लाइन्सला पोलिसांनी पेटी उघडायला लावली. बाजूचे दोन काका लगेच लांब सरकले. आत राळेचा डबा बघून हवालदार म्हणाला, हे काय, मेण? म्हटलं, राळ, बो ला चोळतात, नाहीतर तारेवरून नुसतीच घसरते, आवाज येत नाही. त्याने बोट लावून वास घेतला आणि म्हणाला, आमच्या गावाला घागरीची भोकं बुजवायला वापरतात.

पावसात पेटीला वरून प्लास्टिक. छत्री स्वतःला नको, पेटीला.

उशिरा_सुचलेलं

धागा वाचून राहवलं नाही. मी या वर्षी ५८. बँकेतून व्हीआरएस घेतली आणि ५२ व्या वर्षी व्हायोलिन सुरू केलं. होय, शून्यापासून.

मी वैयक्तिक तास घेतला तो निव्वळ लाजेखातर. ग्रुपमध्ये बाकीची सगळी आठ-दहा वर्षांची होती आणि एका मुलीने मला पहिल्याच दिवशी विचारलं, ‘आजी, तुम्ही कोणाला सोडायला आलात?’ माझे सर २६ वर्षांचे. ते मला काकू म्हणतात, मी त्यांना सर म्हणते, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. पहिल्या महिन्यात फक्त मोकळ्या तारा. डाव्या हाताचं बोटही टेकवायचं नाही. सगळ्या बोभर, टोकापासून टोकापर्यंत, मनात आठ मोजत. मला वाटायचं, बँकेत इतकी वर्षं लोकांच्या चुका काढल्या, आता माझ्या काढा. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ‘डी’ ची तार अशी घुमली की हनुवटीच्या हाडातून दातापर्यंत आली. मी थांबलेच. बो तशीच हवेत. परत तसा आवाज यायला पुढे अकरा दिवस गेले, मी कॅलेंडरवर खुणा करत होते.

सोसायटीचंही सांगते. मी सकाळी साडेसहाला बसायचे. चौथ्या दिवशी सेक्रेटरींनी प्लंबर बोलावला. पाण्याचा पंप कुठेतरी घासतोय, सगळ्या विंगमध्ये ऐकू येतंय म्हणे. प्लंबरने दोन तास पंप उघडला. मी कोणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी घोडीवर, म्हणजे तारांखालच्या लाकडी पट्टीवर, बसवायचा रबरी म्यूट आणला, छोटासा असतो, आवाज पार दबतो. सेक्रेटरी अजून म्हणतात तो प्लंबर चांगला होता.

लोकलवासी

@उशिरा_सुचलेलं, पंप!! ऑफिसात मोठ्याने हसलो. साहेब बघताहेत.

अनुस्वार

उशिरा_सुचलेलं यांचा प्रतिसाद फार आवडला. ‘बोभर’ हा शब्द नवीन कळला. आम्ही गज म्हणतो.

कोमल_निषाद

आमच्याकडेही गजच. वेस्टर्नवाले बो म्हणतात. वाद नको.

तिसरा_मजला

परीक्षांबद्दल कोणी बोललं नाही अजून. बाबांना सहा महिन्यांत हा प्रश्न पडणारच. म्युझिक स्कूल म्हटलं की ‘ग्रेड’ आल्या. लंडनच्या मंडळांच्या आठ ग्रेड, आपल्याकडे गांधर्वची प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी शिडी. आमच्या चिरंजीवांनी वर्षभर फक्त तीन तुकडे वाजवले, परीक्षेचे. तेच ते. मेरिट मिळालं, प्रमाणपत्र फ्रेम केलं. मग मावशीने घरी विचारलं, एखादं गाणं वाजव की, तर म्हणाला मला तीनच येतात. शेवटी ‘हॅपी बर्थडे’ ही वाजवता येईना. त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (हा घ्या प्रकाश, धाग्याच्या सुरुवातीला मागितला होता.)

राळ

परीक्षा वाईट नाहीत, पण परीक्षेलाच अभ्यासक्रम समजलं की असं होतं. मुलाला दर महिन्याला एक तरी चाल कानाने ऐकून शोधू द्यावी, कोणीही न शिकवता. मग ते भूपाळी असो, जाहिरात असो.

बाबा, वाद्याचं काय केलंत? आकार कोणता घेतला? मुलांसाठी पाव, अर्धं, पाऊण अशी लहान मापं असतात. हात सरळ लांब करायचा आणि व्हायोलिनचं डोकं तळव्यात आरामात येतंय का ते बघायचं. नऊ वर्षांच्या मुलीला बहुतेक अर्धं, उंच असेल तर पाऊण. ‘वाढत्या अंगाचं’ घेऊ नका. तो नियम युनिफॉर्मला लागू, व्हायोलिनला नाही. भाड्याने मिळालं तर उत्तम.

पार्ल्याचा_बाबा

...सासऱ्यांनी पूर्ण मापाचं भेट दिलंय. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून.

राळ

ते माळ्यावर ठेवा. किंवा तुम्ही शिका.

चहाबाज

झालं. आला धागा ठिकाणावर.

सदाशिवपेठी

सासऱ्यांना विचारा, तेही शिकतील. ग्रुपचा भाव मिळेल.

पार्ल्याचा_बाबा

(अडीच महिन्यांनी धागा वर काढतोय. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना वृत्तांत देणं लागतो.)

वैयक्तिक तासच चालू ठेवला. तिसरा_मजला यांचे प्रश्न तोंडपाठ करून काउंटरवर गेलो. वर्षभर हेच सर, हे त्यांनी लिहून दिलं नाही, पण सरांनी स्वतः सांगितलं की तीन वर्षं ते तिथेच आहेत आणि घर जवळ आहे. चुकलेला तास महिन्याला एक भरून देतात. आत बसू का विचारल्यावर सर म्हणाले, बसा, पण बोलू नका. पहिल्या दिवशी मी दोनदा बोललो.

अर्ध्या मापाचं व्हायोलिन भाड्याने घेतलं. पेन्सिल दोन आठवडे चालली, मग बो आली. आता घरी रोज वीस मिनिटं. मी शेजारी बसतो आणि फक्त अंगठा बघतो. मला सुरातलं काही कळत नाही, पण अंगठा सरळ झाला की कळतं. ‘अंगठा’ एवढंच म्हणतो. परवा रागावून म्हणाली, बाबा, तुम्ही स्वतः धरून बघा एकदा.

म्हणून सासऱ्यांचं ते पूर्ण मापाचं काढलं. राळताई, तुमचं म्हणणं गंमत म्हणून सोडलं होतं. धरून बघितलं. चाळीस सेकंदांत माझा अंगठा ताठ, खांदा कानापर्यंत. लेकीने माझ्या हातातून बो काढून घेतली आणि पेन्सिल दिली.

उशिरा_सुचलेलं

वा! आता सकाळी साडेसहाला बसा. प्लंबरचा नंबर देते.

माटुंगेकर

दोघं एकत्र वाजवा. ग्रुप म्हणजे दुसरं काय.

पार्ल्याचा_बाबा

मंडळी, तातडीचं आहे. आता रात्रीचे साडेदहा, सर फोन उचलत नाहीत. पावसाने खुंट्या फुगून घट्ट बसल्या होत्या आणि तारा जुन्या गंजलेल्या, म्हणून मोठ्या व्हायोलिनच्या चारही तारा एकदम सोडवल्या, नव्या घालू म्हटलं. तर मधली ती लाकडी उभी पट्टी, तारांच्या खालची, आपोआप आडवी पडली. मोडली नाही, नुसती सुटली. फेविक्विक आहे घरात. चिकटवू ना?

राळ

नाही!!! हात लावू नका!

कोमल_निषाद

बाबा, नको!!

लोकलवासी

फेविक्विक खाली ठेवा.

राळ

श्वास घ्या, काही बिघडलेलं नाही. ती घोडी. ती कधीच चिकटवलेली नसते, नुसती तारांच्या ताणावर उभी असते. म्हणून तारा एका वेळी एकच बदलायची, बाकीच्या तीन तिला धरून ठेवतात. चारही काढल्या की ती पडणारच.

आता महत्त्वाचं. व्हायोलिन हळूच तिरकं करून बघा. आत काही खुळखुळतंय का?

पार्ल्याचा_बाबा

हो. पेन्सिलच्या तुकड्यासारखं काहीतरी.

चहाबाज

परत पेन्सिल.

राळ

ती आतली काडी. वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये नुसती दाबून उभी असते, वरच्या फळीला आधार देते. ती पडली असताना तारा ताणल्या तर वरची फळी खचू शकते, म्हणून नव्या तारा आत्ता चढवूच नका. घोडी, तारा सगळं फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवा आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. एफ च्या आकाराच्या फटीतून वाकड्या सळईने तो काडी परत उभी करतो, त्याला फार वेळ लागत नाही. घट्ट बसलेल्या खुंट्याही त्याच्याकडूनच नीट करून घ्या.

आणि लेकीच्या व्हायोलिनला रात्री कोणी हात लावायचा नाही.

पार्ल्याचा_बाबा

लावला नाही. ते तिने उशाशी घेतलंय. म्हणाली, तुमच्यापासून लांब.